टाचेचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी आयोडीनची वही ठेवा

आमची मुलगी गरोदरपणाच्या ३१ व्या आठवड्यातच जन्मली, म्हणजे बरीच आधी, आणि तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेऊन थायरॉईडची जी टेस्ट करतात ती एकदम नॉर्मल आली. तो कागद फाईलला लावला आणि विषय डोक्यातून गेला. पुढचे दोन-अडीच आठवडे तिच्या लाईनचं (शिरेत घातलेल्या नळीचं) ड्रेसिंग, सुया, मध्येच एक छोटी प्रोसिजर असं चालूच होतं आणि दर वेळी ती जागा त्या तपकिरी औषधाने पुसली जायची, मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट किती स्वच्छता पाळतायत असंच वाटायचं. मग ती नुसती झोपूनच राहायला लागली, दूध ओढेना, परत रक्त तपासलं तर टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की वाढणारा आकडा, चांगलाच वर गेलेला. कारण निघालं त्या तपकिरी औषधातलं आयोडीन.

त्या दिवसापासून मी जी गोष्ट प्रत्येक नव्या आईला सांगत सुटलेय ती एवढीच की टाचेची टेस्ट हा त्या दिवशीचा फोटो आहे, त्यानंतर बाळाच्या अंगावर किंवा आईच्या अंगावर जे आयोडीन लागतं ते त्या फोटोत कुठून दिसणार? त्यामुळे पुढचा हिशोब आपल्यालाच ठेवायला लागतो. तो कसा ठेवायचा, कुठे सावध राहायचं आणि कुठे उगाच घाबरायचं नाही ते इथे लिहितेय. मी डॉक्टर नाही, औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

आधी आकडा डोक्यात बसवा

आयोडीन वाईट नाही हे पहिल्यांदा. थायरॉईडचं हार्मोन त्याच्याशिवाय बनतच नाही, त्या हार्मोनचं नाव टी४, त्यातला ४ म्हणजे आयोडीनचे ४ अणू, आणि हे हार्मोन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ मागे पडते. पण लागतं किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ५ वर्षांपर्यंतच्या मुलाला दिवसाला ९० मायक्रोग्रॅम. मिलिग्रॅम नाही हं, मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग.

आता १० टक्के पोव्हिडोन-आयोडीनची, म्हणजे त्या तपकिरी औषधाची बाटली घ्या. त्यात कामाला येणारं आयोडीन १ टक्का असतं, म्हणजे १ मिलीमध्ये १० मिलिग्रॅम, म्हणजेच १०,००० मायक्रोग्रॅम. एक मिली म्हणजे कापसाचा बोळा ओला होईल एवढंच, आणि त्यात बाळाची शंभराहून जास्त दिवसांची गरज आहे! सगळं काही कातडीतून आत जात नाही हे खरं, पण त्यातलं १ टक्का जरी गेलं तरी त्या दिवसाचा कोटा तिथेच संपला आणि दूध पाजणं तर अजून बाकीच आहे. मला हे गणित कळलं तेव्हा मी वही उघडून तिच्या ड्रेसिंगची संख्या मोजली आणि मग मोजणं सोडून दिलं.

मोठ्या माणसाला तेच औषध गुडघ्याला लावलं तर काही होत नाही, मग बाळालाच का? एक तर बाळाची कातडी पातळ, कमी दिवसांच्या, म्हणजे लवकर जन्मलेल्या बाळाची तर फारच, वरचा संरक्षक थर नीट तयारच झालेला नसतो. दुसरं, वजनाच्या मानाने बाळाच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे आपल्याला जो छोटा डाग वाटतो तो त्याच्यासाठी बराच असतो. तिसरं, किडन्या अजून कच्च्या, आत गेलेलं आयोडीन लवकर बाहेर पडत नाही.

आणि खरी गोम चौथ्या कारणात आहे. थायरॉईडला एकदम खूप आयोडीन मिळालं तर ती जास्त हार्मोन बनवेल असं आपल्याला वाटतं, होतं उलटं. मिक्सरचं भांडं तोंडापर्यंत भरलं की पातं फिरायचंच थांबतं ना, तसं काहीसं. १९४८ मध्ये वुल्फ आणि चायकॉफ या दोघांनी हे उंदरांवर दाखवलं म्हणून त्याला वुल्फ-चायकॉफ इफेक्ट म्हणतात. मोठ्या माणसाची ग्रंथी काही दिवसांत शहाणी होते, आयोडीन आत घेण्याचं दार थोडं लोटून घेते आणि काम परत सुरू करते, पण हे दार लोटण्याचं तंत्र बाळात गर्भातल्या साधारण ३६ आठवड्यांच्या आसपास तयार होतं. त्याआधी जन्मलेल्या बाळाला दार लावताच येत नाही, आयोडीन येत राहतं आणि ग्रंथी बंद पडून राहते.

म्हणून लवकर जन्मलेलं, कमी वजनाचं, हृदयाचा किंवा पोटाचा जन्मजात त्रास असलेलं, ऑपरेशन झालेलं, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) जास्त दिवस राहिलेलं, असं बाळ असेल तर हे सगळं तुमच्यासाठी आहे. पूर्ण दिवसांचं धडधाकट बाळ असेल तर निम्मं वाचलंत तरी चालेल, पण नाळेचं आणि आईचं जे खाली आहे ते सोडू नका.

वही कशी लिहायची

साधी वही, नाहीतर मोबाईलमधली नोट. तारीख, कुठे लावलं, औषधाचं नाव आणि टक्के, कितीदा, नंतर पुसलं का. बस. बाळासाठी एक पान आणि आईसाठी वेगळं पान, आईचं पान लोक विसरतात. बाटलीवर टक्केवारी लिहिलेली असते, ५ टक्के असेल तर आयोडीन निम्मं, ७.५ टक्केवाले साबणासारखे स्क्रब पण असतात. नाव वाचता येत नसेल तर सरळ फोटो काढून ठेवा. दवाखान्यात 'अँटिसेप्टिक' एवढंच ऐकून गप्प बसू नका, क्लोरहेक्सिडीन वेगळं, स्पिरिट वेगळं, आयोडीनवालं वेगळं, त्यामुळे कुठलं ते विचारा.

घरी काय करायचं

नाळ. सगळ्यात जास्त चुका इथे होतात कारण घरात कोणीतरी अनुभवी माणूस असतंच जे म्हणतं की थोडं लाव, लवकर वाळेल. तर नाळेला रोज आयोडीन लावायचं नाही. नाळ कोरडी आणि उघडी ठेवायची, डायपर तिच्याखाली दुमडायचा, खराब झाली तर स्वच्छ पाण्याने पुसून कोरडी करायची, बाकी ती स्वतःच्या वेळेला पडते. जिथे नाळेला शेणासारख्या घातक गोष्टी लावायची पद्धत आहे फक्त तिथे जागतिक आरोग्य संघटना क्लोरहेक्सिडीन लावायला सांगते, ते आयोडीन नाही, आणि ते पण डॉक्टर म्हणाले तरच. नाळेभोवती लाल झालं, वास यायला लागला, पू दिसला तर घरी काहीही लावत न बसता दाखवायला न्या.

डायपर रॅश, छोटा ओरखडा, टोचल्याची जागा, कान टोचलेली जागा, यातल्या कशालाही ते तपकिरी औषध नको. डायपरच्या आत तर अजिबात नको, कारण बंद ओलसर जागेत औषध कातडीला चिकटून राहतं आणि जास्त आत जातं. अल्कोहोलवालं टिंक्चर आयोडीन तर तान्ह्या बाळाच्या आसपास पण ठेवू नका, ते झोंबतं पण आणि भाजतं पण.

आणि समजा लावलंच गेलं? एकदाच, थोडंसं, पूर्ण दिवसांच्या बाळाला, तर बहुतेक वेळा काही होत नाही. कोमट पाण्यात कापूस भिजवून हलक्या हाताने पुसा, वहीत लिहा, पुढच्या भेटीत सांगा. रोज लावत होतात, किंवा बाळ कमी दिवसांचं आहे, तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही, फोन करून सांगायचं आणि टीएसएच आणि फ्री टी४ (रक्तातलं मोकळं टी४) करायची गरज आहे का असं स्पष्ट विचारायचं. तोंडात गेलं असेल तर उलटी वगैरे काढायला जाऊ नका, बाटली सोबत घेऊन थेट डॉक्टरकडे.

एकदा लागणं आणि रोज लागणं यातला फरक समजायला एक उदाहरण मला फार उपयोगी वाटलं. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अपघातानंतर पोलंडमध्ये किरणोत्सर्गी आयोडीनपासून वाचवण्यासाठी लोकांना पोटॅशियम आयोडाईड दिलं, त्यात ३,२१४ नवजात बाळं पण होती, त्यातल्या फक्त १२ बाळांचा टीएसएच तात्पुरता वर गेला आणि पुढे ती ठीक झाली. पण तो एकच डोस होता. म्हणून अशा आणीबाणीतसुद्धा एक महिन्याच्या आतल्या बाळाला १६ मिलिग्रॅमचा एकच डोस सांगतात, परत परत देणं टाळतात, आणि दिल्यावर थायरॉईडवर लक्ष ठेवतात. आमच्याकडे घोळ झाला तो रोजच्या छोट्या छोट्या पुसण्याने.

आईचं पान

आईच्या अंगात गेलेलं आयोडीन दुधात उतरतं, आणि नुसतं उतरत नाही, स्तनांच्या पेशी ते रक्तातून ओढून दुधात गोळा करतात. निसर्गाने ही सोय बाळाला कमी पडू नये म्हणून केलीय पण जास्त झालं की तीच सोय उलटी पडते. सिझरच्या टाक्यांवर रोज आयोडीनचं ड्रेसिंग, खालच्या टाक्यांसाठी आयोडीन टाकलेल्या पाण्यात बसणं, योनीमार्गाचं वॉश, घसा दुखतो म्हणून पोव्हिडोन-आयोडीनच्या गुळण्या, या सगळ्याचा दुधाशी संबंध आहे असं कोणाच्या डोक्यातच येत नाही. आतल्या ओल्या त्वचेतून तर ते बाहेरच्या कातडीपेक्षा जास्त शोषलं जातं. तेव्हा डॉक्टरांना एवढंच म्हणायचं की मी अंगावर पाजतेय, दुसरं काही चालेल का. बऱ्याच वेळा चालतं. आणि निपलला चीर पडली तर तिथे आयोडीन कधीच लावायचं नाही, ते सरळ बाळाच्या तोंडात जाणार.

पोटात घेण्याच्या गोष्टींमध्ये समुद्री शेवाळाच्या, म्हणजे केल्पच्या गोळ्या आणि पावडरी एक नंबरच्या धोक्याच्या, कारण 'नैसर्गिक' लिहिलेलं असतं आणि आयोडीन किती आहे त्याचा काही भरवसा नसतो, एका गोळीत दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट असू शकतं. काही खोकल्याच्या औषधांमध्ये पोटॅशियम आयोडाईड असतं, लेबल वाचा. हृदयाच्या ठोक्यांसाठी देतात ते अमिओडॅरोन, त्याच्या वजनाचा ३७ टक्के भाग आयोडीनच असतो, २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम. हे औषध स्वतःहून बंद करायचं नाही, पण चालू असेल तर बाळाच्या डॉक्टरांना माहीत हवं, आणि दूध पाजायचं की नाही हे दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायला हवं.

आईचा सिटी स्कॅन कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून देतात ते आयोडीनवालं औषध) देऊन झाला तर घाबरून दूध तोडू नका. त्या कॉन्ट्रास्टचा १ टक्क्याहून कमी भाग दुधात येतो आणि त्यातला १ टक्क्याहून कमी बाळाच्या आतड्यातून शोषला जातो, म्हणून पाजणं चालू ठेवायलाच सांगतात. किरणोत्सर्गी आयोडीनची ट्रीटमेंट मात्र पूर्ण वेगळी गोष्ट आहे, त्यात दूध निदान काही आठवडे आधीच बंद करायला लागतं आणि त्या बाळाला परत पाजायचं नसतं, त्यामुळे ती तारीख ठरण्याआधीच बोलून घ्या.

आता हे वाचून कोणी आयोडीनवालं मीठ बंद करेल म्हणून आत्ताच सांगते, नका करू. मीठातून मिळतं ते मायक्रोग्रॅममध्ये, बाटलीत असतं ते मिलिग्रॅममध्ये, दोघांना एका तराजूत टाकायचं नाही. पाजणाऱ्या आईला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम लागतं कारण ती दोघांसाठी घेतेय, आणि कमी पडलं तर दुधातही कमी पडतं. आयोडीन कमी पडल्याने बाळाच्या मेंदूचं होणारं नुकसान जास्त झालेल्यापेक्षा जगात कितीतरी मोठा प्रश्न आहे, म्हणून तर मीठात आयोडीन घालायला लागले. गरोदरपणाच्या किंवा पाजतानाच्या व्हिटॅमिन गोळीत १५० मायक्रोग्रॅम असेल तर ते बरोबर आहे, फक्त थायरॉईडचा आजार असेल तर आधी विचारा. अजून एक, सिगरेट ओढली की दुधातलं आयोडीन कमी होतं, हे मला तरी माहीत नव्हतं. बाळाला वरून आयोडीनचे थेंब किंवा मीठ काही नको, आईच्या दुधातून मिळतं आणि पावडरच्या दुधात आधीच घातलेलं असतं.

हॉस्पिटलमध्ये बोलायचं कसं

इथे मी चुकले, म्हणजे काही विचारलंच नाही. भांडायची गरज नसते, नर्सताई स्वतःच खूप दमलेल्या असतात, फक्त नीट विचारायचं. 'कातडी कशाने साफ करताय?' 'आयोडीन असेल तर प्रोसिजर झाल्यावर ते पुसणार ना?' हे दोन प्रश्न पुरेसे आहेत. ३२ आठवड्यांच्या आतल्या किंवा दीड किलोच्या आतल्या बाळांमध्ये पोव्हिडोन-आयोडीन वापरू नये आणि कुठल्याच नवजात बाळाला ते रोज रोज वापरू नये अशा सूचना औषधांच्या मार्गदर्शक पुस्तकांमध्ये आहेत, त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. क्लोरहेक्सिडीन हा पर्याय असतो पण फार लहान बाळाची कातडी त्यानेही भाजू शकते, म्हणून मी 'हेच वापरा' असं कधी म्हणणार नाही, वजन आणि आठवडे बघून ते डॉक्टरच ठरवतील. आयोडीन लावलंच तर त्याला वाळायला दोनेक मिनिटं द्यायची, काम झालं की सलाईनने पुसून काढायचं, आणि पाठीखाली किंवा जांघेत ओघळ साचू द्यायचा नाही. हे पुसण्याचं काम त्यांचं, तुम्ही स्वतः लाईनच्या जवळ हात घालू नका.

बाळाला कॉन्ट्रास्ट देऊन स्कॅन किंवा हृदयाची तपासणी झाली असेल तर ते वहीत ठळक लिहा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, २०२२ मध्ये सांगितलंय की ३ वर्षांपर्यंतच्या मुलाला असा कॉन्ट्रास्ट दिला तर ३ आठवड्यांच्या आत थायरॉईड तपासण्याचा विचार करावा, नवजात आणि कमी वजनाच्या बाळांमध्ये तर खास. डिस्चार्जच्या गडबडीत हे राहून जातं, तेव्हा तुम्हीच तारीख मागून घ्या.

टेस्ट कधी आणि काय बघायचं

जन्मल्यावर अर्ध्या तासात बाळाचा टीएसएच आपोआप ६० ते ८० पर्यंत उसळतो आणि पुढच्या दोनेक दिवसांत खाली येतो, म्हणून टाचेचं रक्त ४८ तासांनंतर घेतात, फार लवकर घेतलं तर उगाच पॉझिटिव्ह यायची शक्यता असते. कमी दिवसांच्या बाळाची टेस्ट २ ते ४ आठवड्यांनी परत करायची असते कारण त्यांचा टीएसएच उशिरा वाढतो. ही दुसरी टेस्ट झालीये का ते नक्की बघा, आमची केली म्हणूनच सापडलं. आणि पहिल्या टेस्टनंतर आयोडीन लागलं असेल तर वही पुढे करून विचारा, परत करायची का. लघवीतलं आयोडीन पण मोजता येतं, जास्त झालंय का हे त्यातून कळायला मदत होते.

रिपोर्टवर बाजूला छापलेली रेंज बऱ्याचदा मोठ्या माणसांची असते, ती बघून स्वतः निष्कर्ष काढू नका, पहिल्या काही आठवड्यांत बाळाचे आकडे वेगळेच असतात.

लक्षणांवर विसंबून राहू नका असं मी म्हणेन, कारण सुरुवातीला बहुतेक बाळं अगदी छान दिसतात. तरी सांगते. दोन आठवडे उलटून गेले तरी कावीळ जात नाही, दुधासाठी उठवावं लागतं आणि दोन घोट घेऊन परत झोपतं, शी दोन-तीन दिवस नाही आणि पोट फुगलेलं, हातपाय गार आणि कातडीवर जाळीसारखे डाग, अंग ढिलं, रडणं घोगरं, जीभ मोठी वाटते, डोक्यामागची टाळू मोठी. यातलं एकेक प्रत्येक बाळात कधी ना कधी असतं, पण दोन-तीन एकत्र दिसली आणि वहीत आयोडीनच्या नोंदी असतील तर त्याच दिवशी दाखवा. आमची 'किती शांत बाळ आहे' असं सगळे म्हणायचे. ती शांत नव्हती, तिला उठायलाच जमत नव्हतं.

गोळी चालू झाली तर

आयोडीन थांबवलं की बऱ्याच बाळांची ग्रंथी काही आठवड्यांत आपोआप सुरू होते, कधी डॉक्टर नुसतं थोड्या थोड्या दिवसांनी रक्त बघत थांबतात. पण आकडे जास्त असतील तर वाट बघत नाहीत कारण मेंदू वाट बघत नाही, लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड हार्मोनची गोळी, लगेच चालू करतात, जन्मजात थायरॉईड कमी असलेल्या बाळांना ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावं असं बघतात. डोस बाळाच्या वजनावर ठरतो आणि वजन वाढेल तसा बदलतो.

देण्याची पद्धत सोपी आहे पण पहिले दोन दिवस हात थरथरतो. गोळी दोन चमच्यांमध्ये बारीक चुरायची, थोड्याशा पाण्यात किंवा काढलेल्या दुधात कालवायची, चमच्याने किंवा ड्रॉपरने गालाच्या आतल्या बाजूला सोडायची. पूर्ण बाटलीभर दुधात टाकू नका, बाळाने अर्धं दूध सोडलं की अर्धा डोस गेला. आधीच विरघळवून साठवून ठेवायची नाही. सोयाचं दूध, लोह आणि कॅल्शियम त्याच वेळी देऊ नका, औषध शोषलं जात नाही. रोज साधारण एकाच वेळेला द्या, आम्ही सकाळच्या पहिल्या दुधाआधी द्यायचो, विसरायला होत नाही.

आणि 'तात्पुरतं आहे' असं ऐकलं म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही. आमच्या डॉक्टरांनी डोस आधी हळूहळू कमी केला, मग बंद केला, आणि बंद केल्यावर ४ आठवड्यांनी परत टीएसएच आणि फ्री टी४ केलं. काही मुलांमध्ये मूळ ग्रंथीतच दोष निघतो, त्यांना औषध पुढे चालू ठेवावं लागतं, आणि बऱ्याच वेळा ३ वर्षांच्या आसपास थोडे दिवस औषध थांबवून तपासतात तेव्हाच ते नक्की कळतं. तोपर्यंत वही फाईलमध्येच ठेवा, कारण नवीन डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात की बाळाला आयोडीन कधी आणि किती लागलं होतं, आणि तीन वर्षांनी ते कोणाच्याच लक्षात नसतं.